कॉन्व्हिक्ट सिक्लिडची पहिली वीण: टँक मांडण्यापासून पिल्लं वेगळी करेपर्यंत

घरच्या टँकमध्ये सिक्लिड कुळातल्या माशांची पिल्लं काढायची असतील तर पहिली जोडी कॉन्व्हिक्टची घ्या. दुकानात हा मासा झेब्रा सिक्लिड म्हणूनही मिळतो. राखाडी-निळसर अंगावर आठ-नऊ काळे उभे पट्टे ही त्याची खूण. मूळचा तो मध्य अमेरिकेतला, ग्वाटेमाला, एल साल्वादोर, होंडुरासच्या नद्या-ओढ्यांतला. अमाटिटलानिया निग्रोफासियाटा या त्याच्या शास्त्रीय नावात ग्वाटेमालातलं अमाटिटलान सरोवर आहे.

बरेच जण एंजलफिशने सुरुवात करतात, कारण तो देखणा असतो. पण एंजलच्या नवख्या जोड्या अंडी वारंवार खातात आणि त्यांच्यात नर-मादी ओळखणंही कठीण. मलावी सरोवरातल्या, तोंडात अंडी उबवणाऱ्या सिक्लिडना एका नरामागे तीन-चार माद्या आणि मोठा टँक लागतो. कॉन्व्हिक्टचं तसं नाही. आई-बाप दोघं मिळून पिल्लं सांभाळतात, पाणी मऊ असो की जड, त्यांचं फारसं अडत नाही, आणि पिल्लं पोहायला लागल्या दिवसापासून आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीच्या जातीचे बारीक जीव) खाण्याएवढी मोठी असतात.

अंडी मिळणं हा यातला सोपा भाग आहे. काम बिघडतं ते त्याच्या आधी किंवा बऱ्याच नंतर. आधी, म्हणजे टँक सायकल न करता, म्हणजे फिल्टरमध्ये उपयोगी जिवाणू वाढू न देता मासे सोडले, जागा कमी दिली किंवा जोडी चुकीची निवडली तर. नंतर, म्हणजे महिन्याभराने दीडशे पिल्लं हाताशी असतात आणि ठेवायला दुसरा टँक नसतो तेव्हा. म्हणून मासे आणण्याआधीच दोन टँकची सोय करा.

टँक

जोडीसाठी अडीच फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच टँक चांगला. त्याचं माप साधारण 110 लिटर होतं. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी 90 लिटरच्या आसपास राहतं. दोन फुटी टँकमध्येही वीण होते, पण नर चवताळला तर मादीला पळायला जागा उरत नाही. या माशाला उंचीपेक्षा तळाची लांबी-रुंदी हवी. स्टँडवर थर्माकोलची शीट टाकून त्यावर टँक ठेवा. भरलेला टँक सव्वाशे किलोच्या घरात जातो, तेव्हा स्टँड लोखंडी आणि लेव्हलमध्ये असू द्या.

पिल्लांसाठी दुसरा, दोन फुटी टँक पुरतो. तो पूर्ण मोकळा ठेवा: वाळू नाही, दगड नाहीत, फक्त स्पंज फिल्टर. खाली पडलेलं अन्न आणि विष्ठा दिसली तरच ती रोज काढता येते.

फिल्टर दोन्हीकडे स्पंजचाच, म्हणजे एअर पंपच्या हवेवर चालणारा घ्या. पॉवर फिल्टर पिल्लं ओढून घेतो. तो आधीच लावलेला असेल तर त्याच्या तोंडावर जाड स्पंज बसवा. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घाला. वीज गेली की पाणी नळीतून उलटं वाहून पंपात शिरतं, पंप जळतो आणि जमीनही भिजते. लोडशेडिंगच्या भागात बॅटरीवर चालणारा एअर पंप हाताशी हवाच. स्पंजमधले जिवाणू ऑक्सिजनवर जगतात. काही तास हवा बंद राहिली तर ते मरायला लागतात आणि अमोनिया चढतो.

हीटर लिटरमागे एक वॉट या हिशेबाने 100 वॉटचा. मुंबई आणि कोकण किनाऱ्यावर वर्षातले बरेच महिने तो बंदच राहील, पण नाशिक, पुणे, विदर्भातल्या हिवाळी रात्रींत त्याच्याशिवाय भागत नाही. हीटरला प्लास्टिकची जाळी लावून घ्या. कॉन्व्हिक्ट दगडगोटे ढकलतात आणि काचेचा हीटर फुटतो. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात उलटी अडचण येते. पाणी 32 अंशांच्या वर गेलं की त्यातला ऑक्सिजन घटतो. झाकण काढून, त्या जागी जाळी टाकून, पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडला तर दोन-तीन अंश उतरतात.

पाणी

तापमान 26 ते 27 अंश, पीएच 7 ते 8 असलं की काम झालं. मुंबईचं तलावांतून येणारं पाणी मऊ असतं, दख्खनच्या बोअरचं बहुधा जड. कॉन्व्हिक्टला दोन्ही चालतात. पीएच कमी-जास्त करायची औषधं टाकू नका. ठरावीक आकड्यापेक्षा रोज सारखं पाणी या माशाला जास्त मानवतं.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मात्र काढावंच लागतं. बादलीत चोवीस तास एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा सच्छिद्र खडा) सोडून ठेवा, नाहीतर दुकानातलं अँटीक्लोरीन वापरा. ते सोडियम थायोसल्फेटच असतं. सुटे खडे घेतले असतील तर 100 लिटरला 1 ग्रॅम नेहमीच्या क्लोरीनला पुरून उरतं.

आता सायकल. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया निघतो. फिल्टरमधले एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन्ही पदार्थ विषारी, तिसरा बराच निरुपद्रवी आणि पाणी बदलून काढता येणारा. हे जिवाणू नव्या टँकमध्ये नसतात आणि स्पंजवर बसायला त्यांना चार ते सहा आठवडे लागतात. टँक मांडून दुसऱ्याच दिवशी मासे सोडले आणि आठवड्यात मेले, याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

मासे न सोडता सायकल करायची तर जिवाणूंना अमोनिया बाहेरून द्यावा लागतो. प्रयोगशाळेच्या दर्जाचं अमोनियम क्लोराइड घ्या. किराणा दुकानातला नवसागर रासायनिकदृष्ट्या तोच, पण त्याच्या शुद्धतेची खात्री नसते. 100 लिटरला 0.6 ग्रॅम टाकलं की अमोनिया लिटरला 2 मिलिग्रॅमच्या आसपास येतो. टेस्ट किटने दर दोन दिवसांनी मोजा. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा तेवढंच टाका. एक वेळ अशी येते की आज टाकलेला अमोनिया उद्या शून्य आणि नायट्राइटही शून्य. मग निम्म्याहून जास्त पाणी बदला, कारण एव्हाना नायट्रेट साचलेलं असतं, आणि मासे सोडा. घाई असेल तर ओळखीच्या माणसाच्या निरोगी टँकमधला जुना स्पंज ओलाच आणून आपल्या फिल्टरला लावा. मुदत बरीच कमी होते. पिल्लांच्या टँकचा स्पंजही पहिल्या दिवसापासून जोडीच्या टँकमध्येच चालू ठेवा, म्हणजे गरज पडेल तेव्हा तो तयार असतो.

एक बारकावा बोअरवाल्यांसाठी. पीएच आणि तापमान जितकं जास्त, तितका अमोनियाचा मोठा हिस्सा विषारी रूपात असतो. किटवर सारखाच रंग आला तरी पीएच 8.2 आणि 30 अंश असलेल्या टँकमध्ये तो कितीतरी जास्त घातक ठरतो.

आतली मांडणी

बारीक नदीची वाळू, स्वच्छ पाणी येईपर्यंत धुतलेली, दीड-दोन इंच. दगड आधी तळाच्या काचेवर टेकवून ठेवा आणि वाळू नंतर भरा. काच टोचू नये म्हणून दगडाखाली प्लास्टिकचा पातळ तुकडा घाला. दगड वाळूवर ठेवले तर कॉन्व्हिक्ट खालून उकरतात, दगड कलंडतो आणि काच फुटते. आपल्याकडचा काळा बेसॉल्ट उत्तम. संगमरवर आणि चुनखडी पाण्याचा जडपणा वाढवत राहतात. शंका आली तर दगडावर व्हिनेगरचे थेंब टाका, फेस आला तर तो दगड नको.

अंड्यांसाठी रंग न दिलेली, पाच-सहा इंची मातीची कुंडी आडवी ठेवा. नवी कुंडी दोन दिवस पाण्यात भिजवून घ्या. तोंड समोरच्या काचेकडे थोडं तिरकं असू द्या, म्हणजे आत काय चाललंय ते टॉर्च न मारता दिसतं. दुसऱ्या टोकाला दगडांचा आडोसा करा, आणि त्यातली एखादी फट अशी ठेवा की मादी आत जाईल पण नर अडेल. हीच फट पुढे मादीचा जीव वाचवते. झाडं लावायची तर जावा फर्न किंवा अनुबियस दगडाला बांधून. वाळूत लावलेलं दुसऱ्या दिवशी वर तरंगताना सापडेल.

जोडी

सगळ्यात खात्रीचा मार्ग: तीन-चार सेंटीमीटरची सहा पिल्लं एकत्र घ्या आणि वाढवा. चार-सहा महिन्यांत, पाच सेंटीमीटरच्या आसपास, त्यांच्यातली एक जोडी आपोआप जमते. दोघं एका कोपऱ्यावर हक्क सांगतात आणि बाकीच्या चौघांना विरुद्ध टोकाला कोंडतात. त्याच दिवशी ते चौघे बाहेर काढा. उद्यावर ढकललं तर मेलेले सापडतील.

मादी ओळखायची तिच्या पोटावरून. वयात आलेल्या मादीच्या पोटावर आणि पाठीच्या पराजवळ नारिंगी-सोनेरी खवले चमकतात. माशांच्या जगात मादी नराहून रंगीत असणं तसं दुर्मिळ. नर मोठा, दहा-बारा सेंटीमीटरपर्यंत वाढतो. कपाळ उभं, पाठीचा आणि खालचा पर लांब आणि टोकदार. मादी सात-आठ सेंटीमीटरवर थांबते. मोठे मासेच आणायचे असतील तर नर मादीपेक्षा मोठा बघा, पण दुप्पट नको. गुलाबी-पांढरा कॉन्व्हिक्ट हा याच माशाचा पाळीव रंगप्रकार आहे, त्याने वीण अडत नाही.

पॅरट नावाने विकल्या जाणाऱ्या, फुगीर अंगाच्या माशांपासून लांब राहा. ते संकरित आहेत. ते जोडी जमवतात, अंडीही घालतात, पण त्यातले नर बहुधा नापीक असतात आणि अंडी पांढरी पडतात. कृत्रिम रंग टोचलेले मासे तर घेऊच नयेत.

खाणं आणि अंडी

दोन-तीन आठवडे चांगलं खायला घाला: सकाळी सिक्लिडच्या गोळ्या, संध्याकाळी फ्रोझन ब्लडवर्म किंवा ताज्या करंदीचे सोलून केलेले बारीक तुकडे, आठवड्यातून एकदा उकडून साल काढलेला मटार. पाच मिनिटांत संपेल एवढंच. जिवंत ट्युबिफेक्स किडे टाळा; ते सांडपाण्याच्या गाळात वाढतात आणि सोबत रोग आणतात.

मासे तयार दिसले तरी अंडी नसतील तर एक-दोन अंश थंड पाण्याने 30 टक्के पाणी बदला. बहुतेकदा दोन-चार दिवसांत मादीचा रंग गडद होतो, जोडी कुंडीतली वाळू तोंडाने भरभरून बाहेर फेकते आणि आतली एक जागा चोखून चोखून साफ करते. मादीच्या पोटाखाली बोथट नळी दिसायला लागली की आज-उद्याचं काम. मग ती कुंडीच्या छताला पोट लावून उलटी सरकते, एका ओळीत अंडी चिकटवते आणि बाजूला होते. नर त्याच ओळीवरून मागोमाग सरकतो. हे तास-दोन तास चालतं. अंडी फिकट तपकिरी, मोहरीहून थोडी लहान. पहिल्या वेळी शंभराच्या आत, पुढे दोनशे-तीनशेपर्यंत.

आता टँकमध्ये हात घालू नका. मादी परांनी अंड्यांवर सतत पाणी ढवळत राहते, नर बाहेर पहारा देतो, आणि पांढरं पडलेलं अंडं मादी स्वतःच उचलते. 27 अंशांना साधारण 72 तासांत अंडी फुटतात; तापमान कमी असेल तर चार दिवसही लागतात.

थोडी अंडी पांढरी पडणं नेहमीचंच. दीड दिवसात सगळीच पांढरी झाली तर नर फार कोवळा असेल, दोन्ही माद्याच असतील किंवा पाणी खराब असेल, अमोनिया-नायट्राइट तपासा. अंडी एकाएकी गायब झाली तर जोडीने ती खाल्ली. नव्या जोडीत पहिल्या एक-दोन विणींत हे होतं. काचेजवळची ये-जा, अचानक बंद होणारा दिवा, टँकमधले इतर मासे ही बाकीची कारणं. तेव्हा अंडी काढून वेगळी उबवण्याचा मोह आवरा आणि जोडीला आणखी दोन संधी द्या. तिसऱ्यांदाही खाल्ली तरच कुंडी पाण्यात बुडवूनच वेगळ्या भांड्यात न्या, जवळ एअर स्टोन सोडा आणि 1 टक्का मिथिलीन ब्लू 10 लिटरला 1 मिलिलिटर घाला. हे औषध मुख्य टँकमध्ये टाकू नका; त्याने फिल्टरच्या जिवाणूंना धोका असतो.

फुटल्यापासून पोहेपर्यंत

फुटलेली पिल्लं पोहत नाहीत. शेपटी वळवळत एका ढिगात पडून असतात आणि पोटाच्या बलकावर जगतात. मादी त्यांना तोंडात धरते, चघळल्यासारखं करते आणि वाळूत खणलेल्या खड्ड्यात थुंकते. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, खाल्लं. ती त्यांना साफ करून जागा बदलत असते. या चार-पाच दिवसांत पिल्लांसाठी काहीही टाकायचं नाही, पाणी तेवढं कुजेल.

अंडी घातल्यापासून आठव्या दिवसाच्या सुमारास पिल्लांचा ढग उठतो आणि आई-बापाबरोबर फिरू लागतो. संध्याकाळी जोडी त्यांना तोंडाने गोळा करून खड्ड्यात परत आणते, आणि त्यासाठी तिला उजेड हवा. म्हणून आधी टँकचा दिवा घालवा, खोलीचा अर्ध्या तासाने. एकदम अंधार झाला तर विखुरलेली पिल्लं बाहेरच राहतात.

आर्टेमिया

वाळवलेली आर्टेमियाची अंडी डब्यात मिळतात. कॉन्व्हिक्टची अंडी फुटली त्या दिवशीच आर्टेमियाची पहिली बाटली लावायच्या तयारीत राहा, आणि पिल्लं पोहण्याच्या आदल्या दिवशी ती खरंच लावा.

1. दोन लिटरची प्लास्टिक बाटली, बूड कापून, उलटी टांगा. बूच घट्ट लावा.
2. एक लिटर पाणी, 25 ग्रॅम मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा. तापमान 26 ते 28 अंश.
3. 1 ग्रॅम अंडी टाका. हवेची नळी पार खाली बुचापर्यंत सोडा आणि जोरात बुडबुडे चालू ठेवा. अंडी तळाला बसून राहिली तर फुटत नाहीत. वर दिवा असू द्या.
4. चोवीस ते छत्तीस तासांनी हवा बंद करा, दिवा खाली बुचाजवळ आणा आणि दहा मिनिटं थांबा. रिकामी टरफलं वर तरंगतात, नारिंगी जीव खाली उजेडाकडे जमतात.
5. नळीने फक्त नारिंगी थर ओढा, दाट विणीच्या सुती रुमालातून गाळा, गोड्या पाण्याने धुवा आणि लगेच द्या.

टरफलं पिल्लांच्या पोटात गेली तर आतडं अडू शकतं, म्हणून वरचा थर सोडून द्यायचा. फुटलेली आर्टेमिया आपल्याच बलकावर जगते, त्यामुळे सात-आठ तासांनी तिच्यातलं पोषण घटतं. जास्त झाली तर फ्रीजमध्ये ठेवा.

दिवसातून तीन-चार वेळा थोडी थोडी द्या. ड्रॉपरने थेट ढगावर सोडली की दहा मिनिटांत पिल्लांची पोटं नारिंगी दिसायला लागतात. तशी दिसली म्हणजे पोहोचली. चौथ्या-पाचव्या दिवसापासून चिमटीत कुसकरलेली फ्लेक्सची पूड सुरू करा. उकडलेल्या अंड्याचा बलक आपल्याकडे सर्रास सुचवतात, पण तो पाणी इतक्या झपाट्याने नासवतो की नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

पहिला महिना

पिल्लं मरतात ती बहुधा जास्त अन्नाने, म्हणजे त्यातून चढणाऱ्या अमोनियाने. दिवसाआड 20 ते 25 टक्के पाणी बदला. सायफनला एअर पंपची बारीक नळी वापरा आणि पाणी पांढऱ्या बादलीत काढा. ओढली गेलेली पिल्लं पांढऱ्यावर लगेच दिसतात. नवं पाणी त्याच तापमानाचं, संथ धारेने. स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू जातात. टँकमधून काढलेल्याच पाण्यात पिळा.

तीन-चार आठवड्यांत पिल्लं सेंटीमीटरभर होतात. मादी पुन्हा कुंडी चोखायला लागली आणि पिल्लं कोपऱ्यात हाकलली जाऊ लागली की पुढची वीण जवळ आली. त्या दिवशी सगळी पिल्लं दुसऱ्या टँकमध्ये हलवा, मुरलेल्या स्पंजसकट. दोन फुटी टँकमध्ये दोन सेंटीमीटरपर्यंत पन्नासच ठेवा. वाकड्या कण्याची, सरळ न पोहणारी पिल्लं वाढवू नका आणि दुसऱ्यालाही देऊ नका.

नर मादीला मारत असेल तर

थोडा पाठलाग आणि तोंडाला तोंड लावून ओढाताण जोडी जमतानाच होते. पण मादीचे पर फाटले, ती पृष्ठभागाजवळ कोपऱ्यात तिरकी लपून राहिली, खायलाही खाली आली नाही, तर त्याच क्षणी वेगळं करा. नर तयार असतो, मादीची अंडी तयार नसतात, हे मुख्य कारण. फॉल्स सीलिंगच्या दिव्यांवर बसते ती चौकोनी प्लास्टिकची जाळी टँकच्या मापाने कापून मध्ये उभी करा. मादीला दहा-पंधरा दिवस भरपूर खाऊ घाला आणि तिचं पोट भरल्यावर जाळी काढा. पहिला तास समोर बसून बघा.

पिल्लं खूप झाली

होणारच. वीण होण्याआधी दोन-तीन दुकानदारांशी बोलून ठेवा. तीन सेंटीमीटरची, पट्टे स्वच्छ दिसणारी पिल्लं ते घेतात, पण भाव फारसा मिळत नाही. नको असतील तर अंडी फुटायच्या आत कुंडी बाहेर काढा.

तलावात, नदीत, विहिरीत एकही सोडू नका. उजनीच्या जाळ्यात भरभरून येणारी चिलापी, म्हणजे टिलापिया, हीसुद्धा सिक्लिडच, आफ्रिकेतली. मोझांबिक टिलापिया 1952 मध्ये भारतात आणली गेली आणि ती जलाशयांत इतकी पसरली की आता काढणं शक्य नाही. कॉन्व्हिक्टही ऑस्ट्रेलियात पाळणाऱ्यांच्या हातून सुटून रुजला आहे.

एका विणीनंतर मादीला निदान महिनाभर विश्रांती द्या. सतत अंडी घालणारी मादी रोडावते आणि अंड्यांची संख्या घटत जाते. तीच जाळी मध्ये घालून जोडी वेगळी ठेवा आणि पाणी 24 अंशांवर आणा. कुंडी जाळीपासून लांब, मादीच्या बाजूच्या टोकाला असू द्या. जाळीला लागून अंडी घातली गेली तर नर पलीकडूनही ती फलित करतो.